अळणी भाजीचे दिवस

खामगावच्या रस्त्याला घाटात बाभळींना कापूस लागला, की आमच्या तालमींचे दिवस आले असं समजायचं. बाहेरगावचा माणूस हसेल. बाभळीला कुठं कापूस लागतो? पण दिवाळी सरता सरता कापसानं फुगलेल्या गाड्या जिनिंगकडे निघतात आणि रस्त्याकडेच्या काटेरी फांद्या जाता जाता प्रत्येक गाडीतला थोडा थोडा हिस्सा काढून घेतात. मग पुढं कितीतरी दिवस त्या पांढरे पुंजके मिरवत उभ्या असतात. परवा एस.टी.च्या खिडकीतून त्या दिसल्या आणि मी तोंड फिरवलं. शेजारच्या बाईला वाटलं, हिला गाडी लागते. तिनं पर्समधून लवंग काढून दिली. मी ती मुकाट्यानं चघळली. काय सांगणार होते तिला?

आमची नाटकवाली मंडळी म्हणजे हौसेला मोल नाही, त्यातली. कुणी तहसीलमध्ये, कुणी शाळेत, मी कोर्टात क्लार्क. दिवसभर लोकांना पुढच्या तारखा सांगायच्या आणि संध्याकाळी राजकन्या व्हायचं. आमचे म्होरके भाऊ. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे रंगमंचावरही प्रयोगशाळेची शिस्त. मंडळीला नाव नव्हतं. नाव ठेवलं की लोक नावं ठेवतात, असं भाऊंचं म्हणणं. लोक तशीही ठेवायचेच.

भाऊ नवी गोष्ट कधी घेत नसत. लहानपणी प्रत्येकाच्या कानावरून गेलेलीच गोष्ट घ्यायची आणि दुसऱ्या अंगानं पाहायची. "भाकर उलटल्याबिगर भाजते काय?" असं ते विचारायचे. एका साली आम्ही आवडती-नावडतीची गोष्ट केली, ती राजवाड्यात दोघींचीही धुणी धुणाऱ्या बाईच्या तोंडून. एका साली राक्षसाचा जीव ज्या पोपटात असतो त्या पोपटाची. साऱ्या जन्मात त्या पाखराला कुणी विचारलं नाही, की बाबा, दुसऱ्याचा जीव सांभाळताना तुला जड होतं का? प्रयोग संपल्यावर एक गृहस्थ भाऊंना म्हणाले, "मास्तर, गोष्ट तं चांगली होती. तुम्ही काऊन बिघडवली?" भाऊंना ते इतकं आवडलं की पुढं वर्षभर ते स्वतःची ओळख गोष्टी बिघडवणारा मास्तर अशीच करून देत.

तालमी शाळा सुटल्यावर शाळेच्याच हॉलमध्ये. बुलढाण्याची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, दिवस कलला की ती खिडक्यांच्या फटीतून आत शिरते. आम्ही शालीसकट तलवारी चालवायचो. चहा बाकावर ठेवला की संवाद संपेपर्यंत गार. खडूची धूळ, सतरंजीचा कुबट वास, आणि बाहेर दिव्याभोवती उतरू लागलेलं धुकं. एवढ्यावर आमचे राजे-महाराजे उभे राहायचे.

आमचा एक नियम होता. बाकीच्या नाटकवाल्यांना तो वेडेपणा वाटे. तालमीला कुणी आलं नाही तर इतर ठिकाणी त्याची वाक्यं दुसरा कुणी वाचतो. भाऊंना ते चालत नसे. "ज्याचं वाक्य त्यानंच म्हणावं. दुसऱ्यानं म्हटलं की कानाले त्याचीच खोड लागते." मग करायचं काय? तर त्याची जागा मोकळी सोडायची. त्याच्या वाक्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं, मनातल्या मनात त्याच्याच आवाजात ते ऐकायचं, आणि मग आपलं म्हणायचं. नोकरदार माणसं, कुणाला निवडणुकीचं काम, कुणाची शेतात वेचणी. रोज एखादी तरी जागा मोकळी असायचीच. शाळेचा चौकीदार पहिल्यांदा डोकावला तेव्हा आम्ही सगळे एका रिकाम्या खुर्चीकडे बघत गप्प उभे होतो. "काय झालं हो, भांडण झालं काय?" त्यानं विचारलं.

हळूहळू आम्हाला ते ऐकू यायला लागलं. खरंच यायचं. रिकाम्या जागेतून माणसाचा आवाज, त्याचा दम घेणं, त्याची खाकरण्याची सवयसुद्धा. आम्हाला त्याचा मोठा अभिमान होता.

मंदाचा आवाज तर सगळ्यांत आधी ऐकू यायचा. मंदा देऊळघाटची. आठवीत भाऊंची विद्यार्थिनी होती, पुढं एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. बोलायची भरभर, सुपातून ज्वारी पाखडल्यासारखी. भाऊ ओरडायचे, "मंदे, लोकायले ऐकू तं येऊ दे वं." ती म्हणायची, "ऐकणारा असला तं येते भाऊ ऐकू." ती हसली की हॉलच्या त्या टोकाला बसलेला माणूस कारण माहीत नसताना हसायचा. माझ्याशी तिचं कशावरून जमलं हे आता सांगता येत नाही. मी शांत, तिरकस. ती उघडी, धबधब्यासारखी. मला ती "कोर्टबाई" म्हणायची.

तिचे वडील नाना तिच्याशी बोलत नसत. गावात पाच-पन्नास माणसांत ऊठबस असलेला, शब्दाला जागणारा शेतकरी माणूस. मंदाला बघायला पाहुणे येणार होते त्याच दिवशी आमचा प्रयोग होता, आणि ती प्रयोगाला आली. पाहुणे ओसरीवर ताटकळून परत गेले. तिनं आधी सांगितलं होतं म्हणे, की त्या दिवशी मला जमणार नाही. पण मुलीचं जमणं-न जमणं तेव्हा कोण विचारात घेतो? नाना एवढंच म्हणाले, "आता तिकडंच राह्य." ती तिकडंच राहिली. बुलढाण्यात खोली घेतली. आई आधीच गेलेली. तिनं लग्न केलं नाही, तक्रारही केली नाही. फक्त देऊळघाटाहून भाजी घेऊन येणारी एक बाई होती, तिच्याकडे वांगी घेता घेता ती विचारायची, "आमच्या वावरातले होय काय?" बाई कधी हो म्हणायची, कधी नाही. हो म्हटलं की मंदा जरा जास्तच वांगी घ्यायची.

गेल्या साली भाऊंनी मिठाची गोष्ट काढली. सगळ्यांना ठाऊक असलेलीच. राजा लेकींना विचारतो, माझ्यावर किती प्रेम? थोरली म्हणते साखरेइतकं, मधली म्हणते गुळाइतकं, धाकटी म्हणते मिठाइतकं. राजा धाकटीला हाकलून देतो. पुढं कधीतरी तिच्याच घरी अळणी जेवणाला बसतो, तेव्हा त्याचे डोळे उघडतात, गळ्यात गळे पडतात, गोष्ट संपते. भाऊ म्हणाले, आपली गोष्ट तिथून सुरू होईल. बापाला कळलं, ठीक. पण मधली वर्षं कुणाच्या पानात वाढायची?

राजा स्वतः भाऊ. वऱ्हाडात घडतं म्हणून वऱ्हाडी बोलणारा, धोतर नेसलेला राजा. साखरेची थोरली मी. भाऊ म्हणाले, तुझ्या बोलण्यात साखर अजिबात नाही, म्हणून लोकांना कळेल की ही खोटं बोलून राह्यली. धाकटी अर्थातच मंदा. शेवटच्या प्रवेशात राजा खाली मान घालून पानावर बसलेला, धाकटी त्याच्या मागं मुठीत मीठ घेऊन उभी. ती म्हणते, "बाबा, मीठ मागून घातलं तं वरवरच लागते. आत मुरत नाही." मग थांबून म्हणते, "तरी वाढते. जेवा." आणि पानात मीठ वाढते. राजा म्हणतो, "वाढ, माय." तिथं दिवे जातात. संपलं.

पहिल्या वाचनाला ती ओळ म्हणून झाल्यावर मंदानं वही मिटली. मग मला म्हणाली, "कोर्टबाई, हे नानायनं ऐकलं पाह्यजे. मले दुसरं काही नको. बसावं, ऐकावं, अन् जावं." तिनं भाजीवालीच्या हाती निरोप धाडला. पोरीचं नाटक आहे, या.

पण त्याच सुमारास तिचं दुखणं निघालं. अकोल्याला दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी कधी कधी सोबत जायची. गाडीत ती खिडकीशी बसून बाभळींवरचा कापूस बघायची आणि म्हणायची, "पाह्य, झाडं बी हप्ता खातेत." घाटाच्या वळणावर तिला मळमळायचं. माझा हात धरून ती डोळे मिटून घ्यायची आणि ओठ हलायचे. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेते. ती धाकटीची वाक्यं म्हणत होती.

त्या तालमींत तिची जागा मोकळीच राहिली. भाऊ पानावर बसायचे, आम्ही सगळे मागच्या रिकाम्या जागेकडे कान लावायचो, आणि मंदाचा तो भरभर आवाज आम्हाला स्पष्ट यायचा. ठरल्या क्षणी भाऊ म्हणायचे, "वाढ, माय." कधी काडीचा फरक पडला नाही. चौकीदारही म्हणाला, "बाई नाही तरी बाई आहे असं वाटते." आम्ही खूश झालो. 

प्रयोग दुपारी ठेवला, तिला थंडी बाधू नये म्हणून, आणि हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावले. भाऊंना पानात खोटं अन्न चालत नसे, म्हणून अळणी वांग्याची भाजी मी घरून करून नेली. अळणी भाजी करणं सोपं नाही. हात सवयीनं मिठाच्या डब्याकडे जातो, त्याला आवरावं लागतं. मंदा सरळ अकोल्याहून आली. डोक्याला रुमाल, त्यावर पदर. अंगावरची साडी दोनदा गुंडाळावी लागली. मी तिच्या गालाला रंग लावत होते तेव्हा ती म्हणाली, "आले काय वं?" मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पुढच्या रांगा सोडून, भिंतीकडच्या खुर्चीवर एक उंच म्हातारा टोपी मांडीवर ठेवून ताठ बसला होता. मी म्हटलं, "आले." तिनं माझा हात एवढा घट्ट दाबला, की एवढी ताकद हिच्यात उरली कुठून असं मला वाटलं.

ती सावकाश बोलली. एकेक शब्द जिना चढल्यासारखा. सुरुवातीला आम्ही एक-दोनदा तिचं वाक्य संपायच्या आतच बोललो, मग सावरलो, समोरासमोर असल्यामुळे तिचे ओठ दिसत होते. ती काय बोलली त्या दिवशी! प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटचा प्रवेश. भाऊ मान खाली घालून पानावर, ती मागं. "बाबा, मीठ मागून घातलं तं वरवरच लागते," ती म्हणाली. "आत मुरत नाही." आणि तिनं दम घेतला. तो दम लांबला. मी विंगेत उभी होते आणि त्या शांततेत मला ऐकू आलं, तरी वाढते, जेवा. तिच्या जुन्या, भरभर आवाजात. अगदी स्वच्छ. भाऊंनाही ते तसंच ऐकू आलं. आमच्या कानांना तेवढंच तर शिकवलं होतं आम्ही. भाऊ ठरल्या क्षणी म्हणाले, "वाढ, माय." आणि दिवे गेले.

अंधारात टाळ्या पडायला लागल्या तेव्हा मला कळलं, की ती ते म्हणालीच नव्हती.

दिवे आले तेव्हा ती तशीच उभी होती, मूठ बंद. मी तिला धरून आत आणलं. तिनं विचारलं, "नाना?" मी बाहेर बघून आले. भिंतीकडची खुर्ची रिकामी होती. कुणीतरी म्हणालं, म्हातारबाबा टाळ्या सुरू व्हायच्या आधीच उठले, गावच्या गाडीला गेले. मी तिला सांगितलं, गाडीची वेळ झाली होती. तिनं मूठ उघडली. मीठ घामानं ओलं होऊन तळव्याला चिकटलं होतं.

भाऊ दाराशी उभे होते. गोष्टी बिघडवणारा मास्तर.  मंदाच म्हणाली, "असू द्या भाऊ. पुढच्या प्रयोगाले म्हणीन." मग तिनं ते ओलं मीठ भाजीच्या पातेल्यात झटकलं. "वाया कायले घालवाचं?" प्रयोगानंतर पानातलं अन्न सगळ्यांनी मिळून खायचं ही आमची रीत. आम्ही खाल्लं. वर खारट, आत अळणी. भाऊ एक घास घेऊन बाहेर निघून गेले.

दोन दिवसांनी एका पेपरात छापून आलं, की मुलीनं बापाला क्षमा न करणं हा या प्रयोगाचा धीट शेवट आहे. असा शेवट करायला हिंमत लागते, वगैरे. भाऊंनी तो पेपर घडी करून चुलीत घातला. आयुष्यात त्यांचं एवढं कौतुक कधी छापून आलं नव्हतं.

पुढचा प्रयोग झाला नाही. संक्रांतीच्या आत मंदा गेली.

तेरवीला आम्ही देऊळघाटला गेलो. हरभऱ्याला घाटे धरले होते.  अंगणात नाना बसले होते, तसेच ताठ. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं, बसायला सांगितलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "आलतो मी पाहाले. चांगलं बोलली. आत मुरत नाही म्हणली. बराबर म्हणली. मी काही वाईट नाही मानलं, मास्तर. पण माफ नाही केलं तिनं मले."

आम्ही सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. ज्याचं वाक्य त्यानंच म्हणावं हा नियम करणारा माणूस.  ते म्हणाले, "नाना, तिचं वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढं होतं. तरी वाढते, जेवा. मीच आधी बोललो." सबंध जन्मात भाऊंनी दुसऱ्याचं वाक्य म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. त्यांचा आवाज किती परका वाटला त्या शब्दांना.

नानांनी विचारलं, "तिनं म्हणलं होतं हे?"

"म्हणणार होती."

नानांनी टोपी सारखी केली. "मंग म्हणली नाही," ते म्हणाले.

कोर्टात मी रोज ऐकते, कुणाला काय म्हणायचं होतं आणि कागदावर काय आलं. जे आलं नाही ते नाही. पण त्या अंगणात मला पहिल्यांदा त्या न्यायाचा राग आला. आम्ही पानावर बसलो. अन्नाला चव होती की नव्हती, आठवत नाही.

आणि आता पुन्हा बाभळींना कापूस लागलाय. भाऊ खूप थकलेत. मला वाटलं होतं, या साली काही होणार नाही. पण त्यांनी निरोप धाडला, शाळा सुटल्यावर या. आम्ही जमलो. सतरंजीचा तोच वास, तोच गार चहा. भाऊ म्हणाले, "मिठाचीच करू." कुणीतरी दबकत विचारलं, "धाकटी कोण?" भाऊंनी पानामागच्या जागेकडे बोट केलं. जागा मोकळी. प्रयोग होणार की नाही, कुणासमोर होणार, हे आम्ही विचारत नाही. आम्ही फक्त तालीम करतो.

काल संध्याकाळी तालीम सुरू असताना दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी. "इथंच होते काय तालीम?" नानांनी विचारलं. भाऊ उठून उभे राहिले. नानांनी पिशवी पुढं केली. "वांगे आहेत. वावरातले. भाजी लागते म्हणे तुम्हाले." मग ते भिंतीकडच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर. शेवटच्या प्रवेशात मला काम नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

भाऊ पानावर बसले, मान खाली. मागं कुणी नाही. हॉल शांत झाला. नानांनी त्या रिकाम्या जागेकडे निरखून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "आता काय म्हणून राह्यली?"

मी सांगितलं, "मीठ मागून घातलं तर वरवरच लागतं, म्हणते."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् आता?"

"आत मुरत नाही म्हणाली. आता दम घेते."

भाऊंची मान वर आली. जुनी सवय, तो क्षण त्यांच्या अंगातच बसलाय. त्यांनी तोंड उघडलं. तोच नानांनी बाकावरून हात वर केला.

"थांबा मास्तर," ते म्हणाले. "तिचं व्हायचं आहे अजून."

भाऊ थांबले. आम्ही सगळेच थांबलो. बाहेर देऊळघाटच्या गाडीची वेळ होत आली होती. नाना उठले नाहीत.